बहिणीची सही

तालुक्याच्या गावी, दिवाणी न्यायालयाच्या आवारात वकिलाच्या टेबलापाशी रोज जे प्रश्न येतात, ते कोणी वर्षभर उतरवून ठेवले तर आपल्या समाजाची खरी बखर तयार होईल. सभेत, कीर्तनात, लग्नाच्या मांडवात माणूस बोलतो ते चारचौघांनी ऐकावे म्हणून. वकिलापुढे मात्र तो आवाज खाली आणतो आणि त्याला नेमके काय हवे आहे ते सांगतो. 'वडील वारले, वारसनोंद करायची आहे, बहिणींची नावे लावलीच पाहिजेत का?' 'थोरलीचे लग्न 1994 च्या आधी झाले, तिला हक्क पोचतो का?' 'वडील 2005 च्या आधीच गेले, मग तर काही अडचण नाही ना?' 'हक्कसोड नोटरीपुढे केली तर चालेल, की रजिस्टरच करावी लागेल?' 'तिघी सही करायला तयार आहेत, धाकटी अडून बसली आहे, तिचे काय करायचे?' असे विचारणारी माणसे दुष्ट नसतात, आणि सारे दुःख त्यातच आहे. त्यांच्यात शिक्षक असतात, माळकरी असतात, सोसायटीचे संचालक असतात, मुलीला इंजिनिअर करण्यासाठी कर्ज काढणारे बाप असतात. दर भाऊबीजेला ते बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतात. बहिणीचे काही हिरावून घेतो आहोत हे त्यांच्या मनाला शिवतही नाही. त्यांना वाटते, आपण एक कागद पुरा करतो आहोत.

या विषयावर कायदा मुका नाही. तो गेली कित्येक दशके स्पष्ट आणि अधिकाधिक स्पष्ट बोलत आला आहे. हिंदू संहिता विधेयकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा मागितला होता. ते विधेयक रेंगाळत ठेवले गेले आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी, मुलगा, पत्नी आणि आई यांना एका पंक्तीत बसवले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र जन्माने हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तोही मुलीला दिला, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदच काढून टाकला. त्यानंतरही पंधरा वर्षे आपण पळवाटा शोधत राहिलो. त्या तारखेला बाप हयात होता की नव्हता यावर खटले चालले आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्नही मिटवला. हक्क जन्माने येतो, बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे तीन न्यायमूर्तींनी सांगितले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या शाबूत राहिल्या. वकिलाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतली सालेही याच क्रमाने बदलत गेली आहेत. कायद्याने एक दार उघडले की आपण दुसऱ्या दाराची कडी चाचपतो. आपल्याला कायदा कळत नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. तो आपल्याला नीट कळतो, म्हणूनच आपण वकिलाकडे जातो.

आणि 'हे सारे नवे, बाहेरून आणलेले' असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच मुलखाचे जुने धर्मशास्त्र पाहावे. नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी प्रमाण मानले आणि त्या ग्रंथाने बहिणीला भावाच्या वारसांत मानाची जागा दिली होती. बापाकडून वारशाने आलेली मिळकत मुंबई इलाख्यात मुलीला पूर्ण मालकीने मिळे, तर इतर अनेक प्रांतांत ती केवळ तिच्या हयातीपुरती असे. परंपरेचा आधार घ्यायचा तर तोही भावाच्या बाजूचा निघत नाही. आपण परंपरा पाळतो असे म्हणतो तेव्हा तिच्यातले आपल्या सोयीचे तेवढे पाळतो.

आता हा कागद कसा होतो ते पाहू. बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो, त्यासोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ जोडावी लागते. काही घरांत अन्यायाला इथूनच सुरुवात होते. बाप, त्याखाली मुलगे, त्यांखाली नातू एवढीच वंशावळ लिहिली जाते. त्याच आईच्या पोटी जन्मलेल्या तिघी-चौघी त्या कागदावर जन्मलेल्याच नसतात. शपथेवर खोटे लिहिणे गुन्हा आहे हे सही करणाऱ्याला ठाऊक असते, खाली साक्ष घालणाऱ्या पंचांना ठाऊक असते, आणि त्या मुलींच्या बारशाला जेवून गेलेल्या शेजाऱ्यालाही ठाऊक असते. कोणी हरकत घेत नाही. जिथे नावे लागतात तिथे ती कित्येक जुन्या उताऱ्यांवर कब्जेदारांच्या रकान्यात न लागता 'इतर हक्क' या रकान्यात गेलेली दिसतात, जणू बहीण म्हणजे पीककर्जाचा बोजा. मग केव्हातरी जमीन विकायची ठरते, किंवा रस्त्यासाठी भूसंपादनाची नोटीस येते, आणि मोबदल्याच्या कागदांवर सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात. त्या दिवशी भावाला बहीण आठवते. फोन जातो, गाडी जाते, 'माहेरी ये, दोन दिवस राहा' असा निरोप जातो.

ती येते. तिला आवडते तेच जेवायला असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात. दस्त आधीच तयार असतो, जवळच्या नात्यातल्या हक्कसोडीला मुद्रांकही नाममात्र लागतो. अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतला जातो, कॅमेऱ्यापुढे फोटो निघतो, अधिकारी विचारतो, 'राजीखुशीने करता ना?' ती मान डोलावते. दस्तात वकिलाने लिहिलेलेच असते की लिहून देणार यांनी कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने, विनामोबदला आपला हक्क सोडला आहे. परतताना तिच्या हातात साडीचोळीची पिशवी असते. लाखोंची जमीन तिने दिलेली असते आणि उपकार भावाने केलेला असतो. पुढे कधी तिला या कागदाचा अर्थ उमगला, तर तो रद्द करून घेण्यासाठी तिला दिवाणी दावा लावावा लागतो, फसवणूक किंवा दडपण पुराव्याने सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी मुदत साधारण तीन वर्षांची असते. दडपणाचा पुरावा ती कुठून आणणार? तिला कोणी मारलेले नसते, धमकावलेले नसते. तिला फक्त जेवू घातलेले असते.

इथे आपण थोडे थांबून विचार केला पाहिजे. आपण म्हणतो, तिने प्रेमाने दिले. संमती खरी की खोटी हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. नाही म्हटल्यावर काय होईल, हे पाहायचे. जी बहीण सही नाकारते तिच्यासाठी माहेरचे दार बंद होते. तिला हळदी-कुंकवाचे बोलावणे येत नाही, भाच्याच्या लग्नाची पत्रिका येते ती पोस्टाने, आणि आई आजारी असल्याचे तिला तिसऱ्याकडून कळते. गावात तिचे नाव 'भावावर केस टाकणारी' असे पडते. आणि सासरी कधी पोळलेल्या बाईला माहेर म्हणजे काय असते हे आपल्याला, तिच्याच भावांना आणि बापांना, चांगले ठाऊक असते. तेच आपण पारड्यात टाकतो. एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला भाऊ. यातले एकच मिळेल, असे आपण तिला न बोलता सांगतो. ती भाऊ निवडते, आणि त्या निवडीला आपण तिचा मोठेपणा म्हणतो. ज्या भावाला त्याच वाटणीत जमीनही मिळाली आणि बहीणही, त्याला असली निवड कोणी करायला लावली? आणि राजीखुशीने हक्क सोडण्याची ही उदार रीत आपल्यात खरोखरच असेल, तर ती दोन्ही बाजूंनी दिसायला हवी होती. सुस्थितीतल्या भावाने विधवा बहिणीच्या नावे आपला हिस्सा सोडल्याचे दस्त आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत?

आपल्या मनाचे समाधान करणारी उत्तरे आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आहेत. सर्वांत जुने उत्तर असे, की तिच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा. हुंडा देणे-घेणे 1961 पासून गुन्हा आहे. म्हणजे एक गुन्हा केला म्हणून दुसऱ्या अन्यायाची मुभा मिळाली, असा हा हिशेब. शिवाय तो पैसा तिला मिळालाच नाही. तो सासऱ्याच्या हातात गेला, मांडववाल्याला गेला, जेवणावळीत गेला, आपल्या घराण्याच्या प्रतिष्ठेवर खर्च झाला. भावाच्या लग्नातही वाजंत्री होती. ती त्याच्या वाट्यातून कोणी वजा केली नाही.

दुसरे उत्तर, 'तिला तिच्या सासरी मिळेलच.' पण सासरी तिच्या नणंदेकडून सही घेतली जाते तेव्हा जमीन येते ती तिच्या नवऱ्याच्या नावे. नवरा हयात असेतो त्याच्या मिळकतीची ती मालकीण नसते. एका घरी ती परक्याचे धन आणि दुसऱ्या घरी परकी मुलगी; दोन घरांच्या मधल्या वाटेवर आपण तिला उभी करतो आणि दोन्ही घरे तिचीच आहेत असे सांगतो. देशात वहिती करणाऱ्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण 2015-16 च्या कृषी गणनेत सुमारे 14 टक्के होते. खुरपणी, लावणी, वेचणीला शेतात कोण वाकलेले असते ते एस.टी.च्या खिडकीतूनही दिसते. जमीन नावावर नाही म्हणून तिला पीककर्ज मिळणे कठीण, नुकसानभरपाई मिळणे कठीण. नवऱ्याने आत्महत्या केली तर त्याच शेताच्या उताऱ्यावर नाव लावून घ्यायला तिला दिराच्या आणि सासऱ्याच्या मनधरण्या कराव्या लागतात. आणि कोणी नवऱ्याने टाकली, की ती माहेरी येते. ज्या घराची ती हिस्सेदार होती त्या घराच्या पडवीत तिला आश्रित म्हणून जागा मिळते. भावजयीच्या हातचे अन्न ती खाली मान घालून खाते. तिने सोडलेल्या जमिनीवर पिकलेले धान्य तिला दया म्हणून वाढले जाते. टाकलेल्या बायकांचे दुःख आपल्याकडे अनेकांनी कळवळून लिहिले, ते वाचून आपण हळहळलो. त्या दुःखाच्या मुळाशी असलेल्या दस्तावर साक्षीदार म्हणून आपलीच सही आहे, हे आपण पाहिले नाही.

तिसरे उत्तर जमिनीचे तुकडे होण्याचे. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. पण चार भाऊ चार तुकडे करतात, त्यांचे चार बांध पडतात, बांधावरून चार फौजदारी होतात, तेव्हा शेतीच्या भवितव्याची काळजी कोणालाच वाटत नाही. बहिणीचे नाव निघाले की सारे एकदम शेतीतज्ज्ञ होतात. राहिले आईबापांना सांभाळण्याचे उत्तर. सांभाळण्याचे काम घरात नेमके कोण करते, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. बहुतेक ठिकाणी ते दुसऱ्या कोणाची तरी मुलगी करत असते. आणि कर्तव्याच्या बाबतीत कायद्याने मुलीला कधी सूट दिली नाही. विवाहित मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ठरवले, आणि ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातूनच गेले होते. पोटगी मागताना ती मुलगी असते आणि वाटणीच्या वेळी ती दिल्या घरची होते.

यात शहरे निराळी आहेत असे पुण्या-मुंबईच्या वाचकाने समजू नये. तिथे सातबाऱ्याऐवजी फ्लॅट असतो, आणि प्रश्न येतो तो 'सोसायटीत नॉमिनी मीच आहे, मग बहिणीचा काय संबंध?' असा. नॉमिनी हा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, हे सांगितले की चेहरा पडतो. आयटीत काम करणारी, स्वतःची गाडी चालवणारी बहीणही हक्कसोडीवर सही करते, कारण तिलाही लहानपणापासून शिकवले गेले आहे की मागणारी बहीण लोभी असते. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने मुलगा आणि मुलगी समान आहेत, आईबापांना आपल्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक भागाची मनमानी विल्हेवाट लावताच येत नाही. तरी तिथेही मुलींकडून हक्क सोडून घेण्याची रीत आहे. कायदा कितीही चांगला असला तरी आपण त्याच्यापुढे बहिणीलाच उभी करतो आणि तिच्याच हाताने तो पुसून घेतो.

या व्यवस्थेला बायकांचाही हातभार आहे. आई मुलीला सांगते, 'मीही दिली होती सही माझ्या भावाला.' स्वतःवर झालेला अन्याय ती संस्कार म्हणून पुढे देते. पण तिला दोष देण्याआधी तिचे म्हातारपण कोणाच्या दारात जायचे आहे हे पाहावे. मुलगा रुसला तर तिला भाकरी कोण घालणार? तिला तिच्या माहेरचा वाटा मिळाला असता, तर मुलीला असे सांगण्याची पाळी तिच्यावर आली नसती. आणि आम्ही वकील? 'दडपणाशिवाय' हा शब्द आम्ही लिहितो. समोर खाली मान घालून बसलेल्या बाईला आम्ही एकटीला विचारत नाही की ताई, तुमच्या हिश्श्याची आजची किंमत किती आहे हे तुम्हाला कोणी सांगितले का? पक्षकार भाऊ आहे, फी भाऊ देणार आहे, असे म्हणून आम्ही पुढच्या दस्ताकडे वळतो. प्रश्नकर्त्याला कायद्याचे उत्तर मिळते. त्याच्या प्रश्नातला अन्याय त्याला कोणीच दाखवत नाही. तलाठी दाखवत नाही, निबंधक दाखवत नाही, गावातला गुरुजी दाखवत नाही.

हे असेच चालणार, असे मानण्याचे मात्र काही कारण नाही. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज त्याच कृत्याचा आपण अभिमान सांगतो. विधवांचे केशवपन धर्म म्हणून चालत होते. ते करवणारे बापही प्रेमळच होते, आणि ते बंद झाले. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनासाठी खेड्यापाड्यांतून बायका लोटल्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा भाग पत्नीच्या नावे केला, कोणत्याही न्यायालयाचा हुकूम नसताना. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ज्या ग्रामसभेत बांगड्यांबद्दल ठराव होऊ शकतो, त्या ग्रामसभेत हेही ठरू शकते की आमच्या गावात खोट्या वंशावळीवर कोणी पंच सही करणार नाही. पत्नीचे नाव लावणारा शेतकरी बहिणीचेही नाव लावू शकतो. तिथे कष्ट अधिक पडतील, कारण पत्नीला दिलेले घरातच राहते आणि बहिणीला दिलेले घराबाहेर जाते असे आपल्याला वाटते. पण तेही ती जन्मली त्याच घरातले आहे आणि जन्मापासून तिचेच आहे.

म्हणून ज्यांच्या घरी आज ना उद्या वारसनोंदीची वेळ येणार आहे, त्या सर्वांना एवढीच विनंती, की वंशावळ लिहाल तेव्हा आईच्या पोटी जन्मलेल्या सर्वांची नावे जन्माच्या क्रमाने लिहा. फेरफाराच्या नोटिशीची प्रत बहिणीला स्वतः नेऊन द्या, तिचे नाव कब्जेदारांच्या रकान्यात लागले का ते पाहा आणि तिच्याकडे कोणतीही सही मागू नका. तिला खरोखर द्यायचे असेल तर तिच्या नावावर आलेले ती आपल्या वेळेला, आपल्या मर्जीने देईल. मागाहून वकिलाकडे जाल तेव्हा बहिणीचा हिस्सा वेगळा करून तिच्या ताब्यात कसा द्यायचा, हे विचारा. जमीन वाटून देण्याजोगी नसेल तर सामाईक उताऱ्यावर तिचे नाव राहू शकते आणि दर हंगामाच्या उत्पन्नातला तिचा भाग तिच्या खात्यावर जमा करता येतो. जमीन वाटण्याजोगी असेल आणि हिस्सेदारांत हक्काबद्दल वाद नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारापुढे अर्ज करून वाटप करून घेता येते, आणि त्यासाठी कोणालाही कोणावर दावा लावावा लागत नाही.